मुस्ती, विभाग : फिनलंडचे पाव

हॅनकॉक, मिशिगन
१२ फेब्रुवारी २००३

चि. सेल्मा,

आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या लहानपणापासून कुरकुरतोच आहे. बर्फ खिडकीला टेकलंय. नोकरीत माझ्या जागी आलेला नवा माणूस बर्फाचा नांगर फिरवताना नेमका आपल्या फाटकासमोर ढीग लावतो. तीस वर्षांत मी कुणाच्या फाटकासमोर ढीग टाकला नाही. असो.

पत्र बघून दचकली असशील. पत्ता तुझ्याच वेबसाइटवरून घेतला. फोन नंबर काही तिथे सापडला नाही.

तुला माझी ती इंटरनेटवरच्या साइटींची डिरेक्टरी आवडत नाही, ठाऊक आहे. आई गेल्यानंतर तू घरातून निघालीस त्या दिवशी म्हणालीस, "बाबा, जगभरच्या साइट उघडून बघता, मी कशी आहे ते बघायला तेवढी सवड नाही." ते मला अजून लागतं. बिनपगारी असलं तरी काम ते काम. कुणीतरी बघून, निवडून ठेवल्याशिवाय लोकांना सापडणार कसं? 'फिनलंडचे पाव' माझ्याकडे आहे. लोक साइट सुचवतात, मी एकेक वाचतो. नुसतं दुकान असेल तर नाही. दुसऱ्याची कृती उचललेली असेल तर मुळीच नाही. कुणी स्वतःच्या हाताने काही केलंय आणि ते सांगितलंय, अशी साइट दिसली की घेतो. खाली एका ओळीत वर्णन लिहायचं. त्यात 'उत्कृष्ट', 'अप्रतिम' असलं काही चालत नाही. आणि रांग म्हणजे रांग. नंबर आल्याशिवाय मी कुणाची साइट उघडत नाही.

म्हणून तू ऑक्टोबरात पाठवलेली साइट मी गेल्या आठवड्यात उघडली.

आधी फोटो दिसला. मधे भोक असलेला काळा पाव, आई करायची तसाच. मग 'संपादकासाठी निरोप' या चौकटीत तू लिहिलेलं वाचलं : "घरचा फोन कधीच लागत नाही, म्हणून इथून दार वाजवतेय. मुस्तीला विचारलं म्हणून सांगा."

आम्हा संपादकांत प्रत्येकाला टोपणनाव घ्यावं लागतं. मी आपल्या कुत्र्याचं घेतलं, तुझ्या पायाशी झोपायचा त्याचं. विभागाच्या तळाशी ते छापलेलं असतं. तू ओळखशील असं कधी वाटलं नव्हतं. मी कॉम्प्युटर बंद केला आणि भांडी घासत बसलो. ती घासलेलीच होती.

घरच्या माणसाची साइट आपण घ्यायची नाही, हा आमचा नियम. नातं सांगून ती दुसऱ्याकडे द्यायची. मी सगळ्या संपादकांना कळवलं, "ही माझी मुलगी आहे, मी हात लावत नाही." स्कॉटलंडच्या मोरागचं लगेच उत्तर आलं. पाच वर्षं आम्ही दोघं मिळून हा विभाग बघतो. "तुला मुलगी आहे? कधी बोलला नाहीस रे."

मी लिहिलं, "विषय पावांचा होता."

तिने तुझी साइट घेतली. पण तू लिहिलेल्या 'आईच्या हातचा, जगातला सर्वांत चविष्ट पाव' मधलं कौतुक उडवलं. मी भांडलो. म्हटलं, चाळीस वर्षं खाल्लाय, वाक्य खरं आहे. ती म्हणाली, "अर्वो, हा नियम मला तूच शिकवलास. आता गप बस." तेव्हा आता तिथे फक्त 'काळा पाव : कृती व छायाचित्रे' एवढंच आहे. नियमाने ते बरोबर आहे. मला मात्र ते आवडलं नाही.

शेजारच्या हिल्माला हे सांगितलं तर ती म्हणते, "तुझा फोन गव्हर्नरसारखा सदा एंगेज. परवा तू घसरून पडलास की काय ते बघायला मला एवढ्या बर्फातून चालत यावं लागलं." तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. इंटरनेट चालतं ते फोनच्याच तारेवर. मी सकाळी बसतो तो झोपायला उठतो. आणि इतके दिवस मी धरून बसलोय की तू फोन करत नाहीस.

घर फार शांत असतं, सेल्मा. एखादी साइट मी मुद्दाम दोनदा वाचतो, तेवढाच वेळ कुणीतरी बोलतंय असं वाटतं.

साइटवर तू लिहिलंयस, तिकीट लावलेलं पाकीट पाठवा, आईचं पावाचं आंबवण वाळवून पाठवीन. माझ्याकडचं आई गेली त्याच हिवाळ्यात मेलं. त्याला रोज पीठ घालायला हवं, ते आईच घालायची. सोबत पाकीट ठेवलंय.

तुझ्या तिसऱ्या फोटोत, पाटाच्या कडेला, पिठाने माखलेला एक लहानसा हात आहे. कुणाचा, ते लिहिलं नाहीस. मी तो फोटो किती वेळा मोठा करून बघितला.

आजपासून संध्याकाळी सहानंतर कॉम्प्युटर बंद. नंबर जुनाच आहे. त्या हाताचं नाव सांग, बाकी काही बोलली नाहीस तरी चालेल.

मुस्तीला तुझा निरोप पोचला. तो फोनजवळ बसलाय.

तुझा
बाबा