आकडा पंचाण्णववर स्थिर असल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
पूर-इशारा विभाग,
मुख्य कार्यालय, वरचा मजला.

विषय : इशारा कक्षातील संगणकाचा प्रोसेसर प्रमाणाबाहेर तापला आहे असे मानावे की मानू नये, याचा निर्णय आजच मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपला आदेश, की संगणकाने सांगितल्याशिवाय भोंगा वाजवू नये.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांवर 'पाहिले' एवढाच शेरा आहे.

महोदय,

१. अर्जदार ही इशारा कक्षात दिवसपाळीची चालक आहे. नदीतल्या मोजपट्ट्यांवरून येणारी पाण्याची पातळी तिच्यासमोरचा संगणक वाचतो, पुढचा अंदाज बांधतो आणि धोका दिसला की पडदा लाल करतो. पडदा लाल झाला की अर्जदाराने गच्चीवरचा भोंगा वाजवायचा आणि तो ऐकून खालच्या गल्लीने घरे सोडून चढावर यायचे, अशी व्यवस्था आहे. त्या गल्लीत अर्जदाराचा थोरला भाऊ इस्त्रीचे दुकान चालवतो आणि बायकोपोरांसह दुकानामागेच राहतो. ही बाब अर्जदार लपवू इच्छित नाही.

२. संगणकातला सगळा हिशेब प्रोसेसर नावाची चिप करते. तिचे तापमान पडद्याच्या कोपऱ्यात दिसते. कक्षातला एसी बैठकीच्या खोलीत हलवल्यापासून हा आकडा चढत गेला आणि पंचाण्णव अंशांवर जाऊन बसला. तेव्हापासून तो हललेला नाही. भांडारपालांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिले व सांगितले, "ताई, चढत नाहीये ना? मग झालं तर. चढता ताप वाईट."

३. अर्जदाराचे नम्र म्हणणे असे की, वाईट आहे ते हे न चढणेच. पंचाण्णव ही त्या चिपची कमाल मर्यादा आहे. तिथे पोहोचली की जळून जाऊ नये म्हणून चिप आपली चाल आपणच कमी करते. आकडा वाढत नाही, कारण काम घटलेले असते. दमलेला हमाल जिन्यात पोत्यावर टेकला तर त्याची धाप वाढत नाही हे खरे. पण म्हणून पोते माडीवर पोहोचले असे कोणी म्हणत नाही. तेव्हा चिप फार तापली का, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. पूर्वीइतकेच काम पूर्वीइतक्याच वेळात होते का, हे पाहावे लागते. ते होत नाही. मोजपट्ट्यांचे आकडे आत रांगेत तुंबतात आणि पडदा मघाचे पाणी आत्ताचे म्हणून दाखवतो.

४. यावर आपण समिती पाठवलीत, त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. समितीला उकडू नये म्हणून तिच्यासोबत एसीही परत आणून बसवण्यात आला. पाहता पाहता आकडा बासष्टवर उतरला, पडदाही चपळ झाला. समितीने "प्रोसेसर निरोगी" असे नोंदवले, चहा घेतला आणि ती गेली. तिच्यामागोमाग एसीही गेला. संध्याकाळच्या आत आकडा पुन्हा पंचाण्णव.

५. पुलावरचे मोजणीदार दादा डोळ्यांनी पातळी वाचून फोनवर कळवतात. त्यांचा आकडा पडद्याच्या पुढे असायचा. संगणक मागे पडतो आहे याचा याहून धडधडीत पुरावा अर्जदाराला सुचत नव्हता, म्हणून तिने तो आपल्यासमोर ठेवला. त्यावर मोजणीदारांनाच ज्ञापन निघाले, की ते संगणकाच्या आधी आकडे कळवून संभ्रम निर्माण करतात. आपले उद्गार असे होते : "घाई माणसाला असते, यंत्राला नसते." त्या दिवसापासून दादा आधी कक्षात फोन करून पडद्यावर काय आले ते विचारतात आणि मगच तोच आकडा कळवतात. दोन्ही आकडे आता तंतोतंत जुळतात. हे जुळणे आपल्या मासिक अहवालात यंत्र ठणठणीत असल्याचा पुरावा म्हणून छापले गेले आहे.

६. (हा परिच्छेद अर्जदाराने खोडला होता. आता राहू देते.) अर्जदाराने हे सारे भावाला सांगितले. तो कॉलरवरून इस्त्री फिरवत म्हणाला, "तुझा डबा तापलाय, साहेब थंड आहेत, आणि मधल्यामध्ये आम्ही भिजायचं का?" वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही आहात ना तिथे. मग आम्हाला कसली काळजी." अर्जदाराला भावाच्या टोमण्यापेक्षा वहिनींचे हे वाक्य जड गेले.

७. तरी विनंती की,

अ) संगणकाच्या खोक्यावरचे कार्यालयीन सील काढून पंख्यातली धूळ साफ करण्याची आणि चिपची उष्णता बाहेर नेणारा, आता वाळलेला लेप बदलण्याची परवानगी मिळावी.

ब) एसी कक्षात परत मिळावा. समिती सोबत नसली तरी चालेल.

क) हे होईपर्यंत संगणकाची वाट न पाहता भोंगा वाजवण्याची मुभा मिळावी व भोंग्याच्या खोलीची किल्ली आपल्या कपाटातून कक्षात यावी, कारण

७ क) पुढे चालू. कारण आत्ता हे लिहिताना अर्जदाराची नजर खिडकीकडे गेली. खिडकीतून नदी दिसत नाही, फक्त खालच्या गल्लीच्या टोकाचा लोखंडी कठडा दिसतो. आत्ता तो दिसत नाही. त्या जागी काहीतरी तपकिरी हलते आहे. पडदा हिरवा आहे. पडद्यावर पाणी कठड्याच्या पुष्कळ खाली आहे. कोपऱ्यात पंचाण्णव.

८. अर्जदाराने पुलावर फोन केला. दादा म्हणाले, "ताई, पडद्यावर आलं का? आलं की सांगा, लगेच कळवतो." पाठीमागे आवाज इतका होता, की त्यांना ओरडून बोलावे लागत होते. अर्जदाराने सांगितले, दादा, पडदा राहू द्या, पुलावरून उतरा. ते म्हणाले, "आकडा जुळल्याशिवाय जागा सोडायची नाही, असं लिहून घेतलंय माझ्याकडून. तुमचं लाल झालं की उतरतोच."

आपल्या कार्यालयात फोन केला. साहेब बैठकीत आहेत.

९. विनंती क्रमांक अ, ब, क रद्द समजाव्यात.

१०. भोंगा वाजवला. हात भरून येईपर्यंत वाजवला. गल्ली चढावर आली. भाऊ आला, पाठीवर धाकटी, हातात वहिनींचा हात. दुकान आले नाही, ते येणारही नव्हते. वर उभे राहिलेले लोक अर्जदाराकडे नव्हे, खाली पाहत होते.

११. अर्जदार कक्षात परतली तेव्हा पडदा हिरवाच होता. ती वाट पाहत बसली. बऱ्याच वेळाने तो लाल झाला. नियमाप्रमाणे तिने पुलावर फोन लावला, "दादा, आलं" एवढे सांगण्यासाठी. फोन लागत नाही. ती पुन्हा लावत आहे.

१२. प्रोसेसर फार तापला होता की नव्हता, याचा निर्णय आता आपण सवडीने द्यावा.

आपल्या परवानगीची वाट न पाहिलेली,
(सही)
चालक, इशारा कक्ष, दिवसपाळी

दिनांक : आजचा. वेळ : पडद्यावरची धरू नये.

सोबत : भोंग्याच्या खोलीचे कुलूप, एक नग, तुटलेले.