मादाम देलोबिएंचा मला हेवा नाही

११ सप्टेंबर १९४४, सोमवार
जर्मन जाऊन दहा दिवस झाले. आज सकाळी देलोबिए मालकांना पकडलं. आमच्या ऑर्विन गावातली अर्धी घरं त्यांच्या लॉरीच्या फॅक्टरीवर जगतात, त्यात आमचंही. चार वर्षं जर्मनांना लॉऱ्या करून दिल्या, हा आरोप. बंदुका घेऊन दोघे आले आणि मालक सपाता घातलेल्याच पायांनी गाडीत बसले म्हणे.
मला वाईट वाटलं. खरोखर वाटलं. मालकांपेक्षा त्यांच्या मिसेससाठी, मादाम देलोबिएंसाठी, अख्खी जपमाळ केली. जपात एकदाच मनात आलं की आता त्यांना लोणी कोण पोचवणार. पण ती काळजी होती.
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत म्हणून लिहिते. कागद वाया घालवणं पाप.

१७ सप्टेंबर, रविवार
चर्चमध्ये मादाम आल्या नाहीत. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामी. लाल मखमल, गुडघे टेकायला गादी, पाठीवर पितळी पाटी, पाटीवर नाव. बावीस वर्षं मी तिच्या बरोब्बर मागे, गवती विणीच्या खुर्चीवर. पाद्रीबाबांनी आज काय सांगितलं ते कुणी विचारलं तर आठवायला वेळ लागेल. पण मादामच्या मानेवरचा तीळ, कॉलरची लेस आणि हिवाळ्यातला तो कोल्ह्याच्या कातड्याचा गळपट्टा मला तोंडपाठ आहे. कोल्ह्याला काचेचे डोळे आहेत. बावीस वर्षं तो माझ्याकडे बघतो.
हा हेवा नाही. समोरच असलं तर माणूस बघणारच.

२० सप्टेंबर, बुधवार
पावाच्या रांगेत शेजारची लिओकादी भेटली. म्हणाली, फॅक्टरी सरकार घेणार. मी विचारलं, चालवणार कोण? तिला सांगता येईना. मला मात्र तिथेच, उभ्या उभ्या कळलं. आमचे हे चालवणार. हे बावीस वर्षं तिथे भांडारप्रमुख. कुठला बोल्ट कुठल्या फळीवर, ते मालकांनाही ठाऊक नव्हतं, यांना ठाऊक.
जेवताना यांना सांगितलं की तुम्ही डायरेक्टर होणार. हे म्हणाले, मीठ दे.
यांना महत्त्वाकांक्षा नाही. मला दोघांपुरती आहे. यांचा काळा कोट उसवून उलटा शिवायला घेतला. आतलं कापड अजून नवं आहे.

२५ सप्टेंबर, सोमवार
आज यांच्यासमोर मादामचं नाव निघालं. यांनी डोक्यावरची टोपी काढली. घरात, सूप पिताना.
मी काही बोलले नाही. त्रेचाळीस साली हे सहा महिने उशिरा घरी येत होते, तेव्हाही मी काही बोलले नव्हते. काम आहे म्हणायचे. मालकांचा बंगला फॅक्टरीला लागूनच. मी संशयी बाई नाही. फक्त बंगल्याच्या भिंतीच्या कडेने तीन-चारदा फिरून आले होते. अकरा वेळा.

४ ऑक्टोबर, बुधवार
गावच्या नव्या चौकशी कमिटीने नोटीस लावली आहे: मालकांविषयी ज्याला जे ठाऊक असेल त्याने लिहून द्यावं. अर्धं गाव लिहितं आहे, सही कुणाचीच नाही. लिओकादीने तीन पत्रं लिहिली, तीन वेगळ्या अक्षरांत. निनावी पत्र म्हणजे पाप. मी नाव, पत्ता घालून लिहिलं, ज्या वळणदार अक्षराला शाळेच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेत पहिलं बक्षीस होतं त्या अक्षरात.
सगळं खरं लिहिलं. आम्ही जनावरांचे सलगम खात होतो तेव्हा मादामच्या टेबलावर जर्मन तपासनिसाला भाजलेला हंस आणि अस्सल कॉफी मिळत होती. मी पाहिलं नाही, पण वास भिंतीवरून येत होता आणि वास खोटं बोलत नाही.
शेवटी, चांगला माणूस कमिटीच्या नजरेआड राहू नये म्हणून दोन ओळी घातल्या: ‘माझ्या यजमानांच्या हातून चार वर्षांत एक पेटी चुकली नाही, एक लॉरी अडली नाही. जर्मन तपासनिसालासुद्धा यांच्या कामात खोट काढता आली नाही.’
यांना सांगितलं नाही. डायरेक्टर झाल्यावर सांगेन. त्यांना तेवढाच आनंद.

२२ ऑक्टोबर, रविवार
पाद्रीबाबांना विचारलं, फॅक्टरी राष्ट्राची झाली तर पहिल्या रांगेतली खुर्चीही तिच्याबरोबर जाईल ना? त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, बाई, खुर्ची म्हणजे फॅक्टरी नव्हे, आणि तिचं भाडं नाताळपर्यंत मादामनी भरलेलं आहे. ‘नाताळपर्यंत’ म्हणाले. म्हणजे पुढे हरकत नाही. मी आजच बसून पाहिलं, सवय असावी म्हणून.
मखमलीला कसर लागली आहे. एक स्प्रिंग नको तिथे टोचते. आणि पहिल्या रांगेतून काही म्हणजे काही दिसत नाही. मध्येच मागे कपड्यांची सळसळ झाली, सगळ्या माना वळल्या असाव्यात. पाद्रीबाबासुद्धा वाक्य सोडून दाराकडे बघायला लागले. नंतर कळलं, मादाम आल्या होत्या. शेवटच्या बाकावर बसल्या, भिकारणींच्या शेजारी.
ज्या दिवशी मी पुढे गेले, त्याच दिवशी सगळं गाव मागे बघायला लागलं. हे त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही.

४ डिसेंबर, सोमवार
मालक तुरुंगाच्या दवाखान्यात वारले. खटला उभाच राहिला नाही. नऊशे कामगारांपैकी अंत्यविधीला चौघे, आणि शवपेटीला खांदा द्यायला हे पुढे. मी सकाळी म्हटलं होतं, तुम्हाला खोकला आहे. हे म्हणाले, खोकला नाही. मी म्हटलं, होईल.
कबरीपाशी मादामनी यांचा हात हातात धरला. सरळ पाहिलं तर क्षणभरच. पण मी सायप्रसच्या झाडामागून पाहत होते, तिथून फार वेळ वाटला.
सगळं काळं नेसल्या होत्या आणि तेही त्यांना शोभत होतं. काही बायकांना दुःखसुद्धा मापाचं मिळतं.

१६ जानेवारी १९४५, मंगळवार
फर्मान निघालं. देलोबिए फॅक्टरी आजपासून राष्ट्राची. फाटकावरची नावाची अक्षरं शिडी लावून काढली.
डायरेक्टर पॅरिसहून आले. इंजिनिअर, चौतीस वर्षांचे, अविवाहित. हे तात्पुरतं असणार. अविवाहित माणूस ऑर्विनमध्ये किती दिवस टिकेल?
शिवाय खरी सत्ता नव्या कारभारी कमिटीकडे. कामगारांचा सेक्रेटरी बास्तियां कोर्वो, रानात राहून जर्मनांशी लढलेला माणूस, मला चौकात थांबवून म्हणाला, “वहिनी, अन्सेल्मदादांचं नाव एकमतानं जाणार. त्या चार वर्षांत दादांनी काय केलं ते आम्ही विसरलेलो नाही.” मी म्हटलं, मी तरी कशी विसरेन. त्यांनी काय केलं ते मला ठाऊक नव्हतं, पण बायकोने असं दाखवू नये.
काळा कोट तयार झाला. खिसा आता उलट्या बाजूला आला आहे, पण डायरेक्टरच्या खिशाकडे कोण बघतो? हातमोजे घालायची सवय करते आहे. बटाटे सोलताना काढावे लागतात.

२६ जानेवारी, शुक्रवार
आज मीटिंग झाली. हे घरी आले, कोट खुंटीला लावला, सूप प्याले. मी वाट बघत होते. मग सांगायला लागले, नेहमीसारखं, भांडारातला माल मोजावा तसं.
कोर्वोने उभं राहून सगळ्यांना सांगितलं की युद्धात जर्मनांच्या लॉऱ्या रशियाच्या बर्फात आठवडेच्या आठवडे अडून पडायच्या, त्या कशामुळे. सुट्या भागांच्या पेट्यांवरच्या चिठ्ठ्या हे बदलत होते. उजव्या बाजूचा माल डाव्या नावाने, मागच्या आसाचा पुढच्या. सुटी झाल्यावर एकटे थांबून, खळ लावून. सापडले असते तर भिंतीला उभं करून गोळी.
टाळ्या पडल्या. मग पॅरिसच्या साहेबांनी चौकशी कमिटीच्या फाइलमधून एक पत्र काढलं आणि मोठ्यांदा वाचलं. एक पेटी चुकली नाही. एक लॉरी अडली नाही.
साहेब म्हणाले, कोर्वो यांचे मित्र आहेत, मित्र कथा रचतात. ही तर घरची बायको, सहीनिशी लिहिते आहे. जर्मनांची इतकी बिनचूक सेवा करणारा माणूस कमिटीवर कसा घ्यायचा? यांचं नाव काढलं. यांना कामावरून थांबवलं. कागद वर जाणार आहेत. मालक गेले त्याच तुरुंगात यांनाही पाठवू शकतात.
हे म्हणाले, “अक्षर फार सुंदर आहे, असं साहेब म्हणाले.” मग म्हणाले, “क्लेमांस, एकदा मला विचारायचंस.”
मी म्हटलं, तुम्ही मला सांगायचं होतं. हे म्हणाले, तू ते पाद्रीबाबांपुढे पापनिवेदनात सांगितलं असतंस. मी म्हटलं, पापनिवेदन गुप्त असतं. हे म्हणाले, हो, पण बाहेर नंबर लावून लिओकादी बसलेली असते.
त्रेचाळीस साली यांच्या बाह्यांना खळ लागलेली असायची. मला वाटलं होतं, हे मादामच्या दिवाणखान्याला भिंतीचा कागद लावतात. सहा महिने त्या बाह्या मी दात ओठ खाऊन घासल्या. कागदावर कुठली फुलं असतील तेसुद्धा मी ठरवलं होतं.

२७ जानेवारी, शनिवार
कमिटीत जाऊन सांगितलं, पत्र मागे घेते, शेवटच्या दोन ओळी मी मनाने लिहिल्या. कोर्वो मला खुर्चीसुद्धा देईना. म्हणाला, “वहिनी, त्या दोन ओळी खोट्या ठरल्या तर वरच्या वीसही खोट्या ठरतात. मालकांवरचा ठपका कुणाला हलवायचा नाही. फॅक्टरी त्याच ठपक्यावर घेतली आहे.”
मग हळूच म्हणाला, जर्मनांच्या तक्रारींचे कागद जाताना तेच जाळून गेले. पेट्यांचं खरं कारण ऑफिसात एकट्या मालकांना ठाऊक होतं, आणि ते गेले. राहिल्या मादाम. त्यांनी सांगितलं तरच.
त्यांच्या दारात मी? त्याआधी दुसरा मार्ग दाखव म्हणून अशक्य कामांच्या संत रितापुढे मेणबत्ती लावली. अर्धी जळलेली होती, पण संतांना हेतू कळतो.

३१ जानेवारी, बुधवार
दुसरा मार्ग दिसला नाही. उद्या मादामकडे जाते. आज बुटाचा तळ सुटला आहे.

१ फेब्रुवारी, गुरुवार
बूट झाले. रस्त्यावर बर्फ. पडले तर यांना कोण बघणार?
हे दिवसभर खिडकीपाशी बसून असतात. फॅक्टरीचा भोंगा झाला की उठतात, मग पुन्हा बसतात. यांच्याने मादामना विचारवणार नाही. म्हणतात, बाईंचा नवरा जाऊन दोन महिने झाले, त्यांना काय साक्षी मागायच्या?

२ फेब्रुवारी, शुक्रवार
मेणबत्त्यांचा सण. आज सणाच्या दिवशी कामं घेऊन जाणं बरं नाही. मैदा नसताना धिरडी केली. उलटताना फाटली. उद्या नक्की.

३ फेब्रुवारी, शनिवार
मी हातमोजे घालत होते तेवढ्यात कोर्वो आला. मादाम स्वतःहून सकाळी कमिटीत गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं.
त्यांनी सांगितलं, जर्मन तपासनीस तीनदा चुकीच्या पेट्यांवरून टेबल बडवत आला. तिन्हीदा मालकांनी त्याला घरी जेवायला नेलं आणि सांगितलं की भांडारवाला वेडसर आहे, दयेपोटी ठेवलाय, उजवं-डावं त्याला कळत नाही. हंस त्यासाठी भाजला होता.
कोर्वो म्हणाला, मग बाई म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याने लॉऱ्या विकल्या. पैसे घेतले. ते मी नाकारत नाही. पण या माणसाला त्यांनी वाचवलं, हेही तुम्ही लिहून घ्या.”
लिहून घेतलं. प्रकरण बंद. सोमवारपासून हे कामावर.
प्रमुख म्हणून नाही. कागदोपत्री आता ‘वेडसर’ अशी नोंद आहे, आणि साहेब म्हणाले, भांडार तशा माणसाच्या हाती कसं द्यायचं? प्रमुख यांचा असिस्टंट झाला. हे त्याच्या हाताखाली कारकून. माझ्या पत्रात हे बिनचूक होते म्हणून तुरुंगात जाणार होते. मादामच्या जबानीत वेडे ठरले म्हणून घरी आहेत.
हे हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा. मादाममुळे हसले.

११ फेब्रुवारी, रविवार
आज आभार मानायला गेले. बंगल्याला सील आहे, मादाम फाटकावरच्या दोन खोल्यांत राहतात. काय बोलायचं ते पाठ केलं होतं: आधी आभार, मग पत्राबद्दल क्षमा, मग सहज, की आपण बावीस वर्षं चर्चमध्ये अगदी एकमेकींच्या जवळ बसतो.
दार त्यांनीच उघडलं. समोरून मी त्यांना कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. डोळे करडे आहेत. वय झालंय. बरं वाटलं, आणि लगेच वाटेनासं झालं.
मी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, “आलात? तुम्ही उद्या येणार असं मी समजले होते. चादरी त्या कोपऱ्यात बांधून ठेवल्यात. खळ फार नको हं, मला कडक चालत नाहीत.”
तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्या किती आदबीने बोलत होत्या. गाठोडं जड होतं, तर जिन्यात एका बाजूने त्यांनी धरलं. म्हणाल्या, सांभाळून, तिसरी पायरी मोडकी आहे.

१२ फेब्रुवारी, सोमवार
सहा चादरी, बारा उशांचे अभ्रे. प्रत्येकावर देलोबिएंचा ‘द’ भरलेला. तागाचं असं कापड मी आजवर हातात धरलं नव्हतं. अंगणात दोरी पुरेना, कुंपणावरही घातल्या. गल्लीतून जाणारा प्रत्येकजण थांबून अक्षर वाचतो. लिओकादीने विचारलं. मी म्हटलं, उन्हं आहेत तर घरातल्या काढल्या.
हे कामावरून आले, दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. इस्त्रीसाठी कोळसे आणून दिले.
गुरुवारी परत द्यायच्या आहेत. घड्या अशा घालीन की त्यांच्या बंगल्यातल्या मोलकरणीलाही कधी जमल्या नसतील. त्या म्हणतील, किती छान. तेव्हा सांगेन मी कोण ते.