चुकून गेलेला डबा

मंगळवार, संध्याकाळ. कराड.

भाकऱ्या मी थापते, उसळ मी करते, पण डबे सासूबाईच भरणार. आज घाईत मी ह्यांचा डबा नेला, माझा ह्यांच्याकडं गेला. मी कामाला जाते त्या साडीच्या दुकानात झाकण उघडलं तर दाट हुलग्याची उसळ आणि वर सोललेली दोन अंडी. दोन! माझ्या डब्यात रोज नुसता रस्सा. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलंय, प्रोटीन कमी पडतंय, अंडी खा, कडधान्यं खा. मला वाटायचं, घरच्या कोंबड्याच अंडी देत नसतील. आणि हुलगे तर माझ्या आईनं आटपाडीहून पाठवलेले! दिवसभर साड्या दाखवत उभी मी असते, हे ऑफिसात खुर्चीत.

आल्या आल्या हे त्यांच्या आईवर ओरडले, "असलं पाणी खाऊन माणूस दिवसभर राबंल कसा गं?"

सासूबाई कळवळल्या, "चुकून तिचा डबा आला रं तुज्याकडं."

"व्हय? मग ठीक हाय," म्हणाले आणि टीव्ही लावला.

अंडी सोलूनसुद्धा द्यायची लेकाला! उद्यापासून डबे मी भरणार, बघू कोण अडवतंय. पण ते 'ठीक हाय' काही केल्या गिळवत नाही. डबा माझा होता एवढं कळलं, आणि ह्यांचा रागच गेला.