चौथा तुकडा

हेब्बाळ, ५ ऑगस्ट २०२४

ती. स्व. सकवारअक्कास,
नरसूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला आता धड ऐकू येत नाही. तू शिवाजीनगरातून जेवलास का म्हणून विचारतेस आणि मी इथून पावसाची बातमी सांगतो. म्हणून हे पत्र तुझ्या नातीच्या, शिल्पाश्रीच्या हाती देतोय.

चाळीस वर्षं गणितावर जी भाषणं देत फिरलो, त्यांचं पुस्तक निघतंय. नाव ठेवलंय ‘अक्काची पोळी’. आपण तिघं भावंडं, पुरणपोळी एक, आणि तू तिचे चार तुकडे करून म्हणालीस, की प्रत्येकाला तिसरा हिस्सा मिळेल. एवढं सांगितलं की सभागृह खदखदून हसतं आणि गणिताची भीती तिथेच पळते. माझं सगळं नाव त्या पोळीवर उभं आहे, अक्का.

२५ तारखेला इंदिरानगरला प्रकाशन आहे. पहिल्या भाषणानंतर तू एकदाही आली नाहीस. गुडघ्यांची सबब आता पुरे, दारात गाडी पाठवतो. पुढच्या रांगेत तू हवीस. लोभ या म्हातारपणी आटू देऊ नकोस.

तुझा,
नरसू

शिवाजीनगर, १० ऑगस्ट २०२४

चि. नरसूस अक्काचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. प्रोफेसर झालास तरी अक्षर कोंबडीच्या पायांचंच राहिलं. कॉफी स्वल्प कमी कर.

मी येणार नाही. गुडघे ठणठणीत आहेत, रोज मार्केटला चालत जाते. तुझ्या पहिल्या भाषणाला मी इरकली नेसून पुढे बसले होते. तू पोळीची गोष्ट सांगितलीस. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, की इतकी भोळी बहीण खरंच असेल का. मीही हसले, पदर तोंडाला लावून.

नरसू, तू गोष्ट अर्धीच सांगतोस, कारण तू अर्धीच पाहिलीस. तिघांना एकेक तुकडा दिला. तू तुझा तोंडात कोंबलास आणि गोट्या खेळायला पळालास. चौथा उरला होता. त्याचे मी परत चार केले, परत तिघांचे एकेक ठेवले, उरलेल्याचे परत चार. धाकटा गुंडू मांडी घालून बघत होता. शेवटी मुंगीएवढं पुरण उरलं आणि सुरी चालेना. दर वेळी तिघांना सारखंच मिळणार आणि उरलेलं घटत जाणार, म्हणून मी आधीच तिसरा हिस्सा म्हटलं होतं. चुकलं होतं का माझं?

हे कापणं कधी संपतं का, एवढंच मला शाळेत विचारायचं होतं. तेवढ्यात आई अंथरुणाला खिळली आणि माझी शाळा सुटली. तू शिकलास की तुला विचारीन, असं म्हणत राहिले. मग तू ती गोष्ट हसत सांगायला लागलास आणि मला विचारायची लाज वाटली.

आता साक्षीला गुंडूही नाही. पुस्तकाला आशीर्वाद आहेत. रागावू नकोस हं, सरी?

अक्का

हेब्बाळ, २६ ऑगस्ट २०२४

ती. स्व. अक्कास,
कोणत्या तोंडाने लिहू, तरी शि. सा. न. वि. वि.

पंधराव्या वर्षी तू सुरीने जे केलंस, ते मी एम.एस्सी.च्या मुलांना तीस वर्षं फळ्यावर शिकवलं. चौथा हिस्सा, अधिक सोळावा, अधिक चौसष्टावा, असं न थांबता. त्यात तुझी पोळी मला एकदाही दिसली नाही. कुणाच्या प्रश्नाला हसू नका, असं जगाला सांगत फिरलो. आणि तुला एकदाही विचारलं नाही, की अक्का, चारच का केलेस.

पुस्तक छापून झालं होतं. तो विनोद आता त्यात कायमचा राहिला, याची फार शरम वाटते. काल व्यासपीठावर मी पोळी घेऊन चार तुकडे केले. लोक सवयीने हसले. मी कापत राहिलो. हसणं थांबलं, तेव्हा तुझी पुरी गोष्ट सांगितली. पुढच्या रांगेतली तुझी खुर्ची मी कुणाला बसायला दिली नव्हती. शेवटपर्यंत तिच्याकडेच बघून बोलत होतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर पासष्ट वर्षं उशिरा देतोय. कापणं कधीच संपत नाही. आणि तरीही प्रत्येकाचा हिस्सा नेमका तिसराच, तसूभरही कमी नाही. तू चुकली नव्हतीस. मी चुकलो. जमलं तर पदरात घे.

तुझा,
नरसू

शिवाजीनगर, २९ ऑगस्ट २०२४

चि. नरसूस अ. उ. आ.

पत्र शिल्पाश्रीकडून दोनदा वाचून घेतलं. संपत नाही, तरी हिस्सा पुरा होतो. समजलं. हे तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर माझं काय झालं असतं, याचा विचार आता करत नाही. केला की जेवण जात नाही.

रविवारी ये. पुरण घालते. पोळी एकच करीन, गुंडूचा वाटा कावळ्याला ठेवू. तू त्या दिवशी चौथा हिस्साच घेऊन पळालास. तुझं राहिलेलं गुंडूने खाल्लं, तेही तुला कधी सांगितलं नव्हतं.

चार तुकडे करीन. या खेपेला मधेच उठू नकोस.

अक्का