दोन शून्यांचा ब्रश

रविवार, ६ मार्च २०१६. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. कलाकाराने प्रगतीची नोंद ठेवावी, असं एका व्हिडिओत ऐकलं.
पार्सल आलं. चाळीस शिपाई. करड्या प्लास्टिकचे, अंगठ्याच्या वरच्या पेराएवढे. परदेशात लोक हे टेबलावर मांडतात, फासे टाकून लढाई खेळतात. लातुरात माझ्याशी खेळणारं कुणी नाही. हरकत नाही, मला रंगवायचे आहेत. ३१ मे ही ऑनलाइन स्पर्धेची शेवटची तारीख. रोज एक शिपाई, म्हणजे चाळीस दिवस. उरलेले सेहेचाळीस दिवस फिनिशिंग.
शिवगंगेला दाखवले. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण अजून माझ्या कामाकडे नीट बघत नाही. म्हणाली, टँकर आलाय, दोन घागरी तरी धरा. रंगाखालचा प्रायमर ओला होता, जाता आलं नाही.
माझ्या वडिलांनी, आप्पांनी मात्र एक शिपाई उचलून उन्हात धरला. अडतीस वर्षं किराणा दुकान चालवलेला माणूस. शेंगदाणा पारखावा तसा पारखला. "अमृत, येवढ्या बारक्याला बी मिशा हायत की," म्हणाले. घरात एक तरी रसिक आहे.

मंगळवार, ८ मार्च.
ब्रशासाठी गंजगोलाईच्या बाजारात गेलो. स्टेशनरीवाला मल्लिकार्जुन म्हणाला, मुंगसाच्या केसांचा आता मिळत नाही, बंदी आहे. खारीच्या केसांचा मिळेल, पण तो मऊ, भिजला की लोळतो. सिंथेटिक स्वस्त, पण टोक महिन्यात वाकतं. "एक नंबर घ्या साहेब, टोक बघून घ्या. आकड्यावर जाऊ नका. पोटात रंग धरला पायजे ब्रशानं."
हा माणूस वह्या विकतो. मी चौदा व्हिडिओ बघितलेत. दोन शून्य, तीन शून्य आणि पाच शून्य घेतले, सगळे सिंथेटिक. जितकी शून्यं जास्त तितकं काम बारीक.

शुक्रवार, ११ मार्च.
पहिला शिपाई. ढाल लाल. पाच शून्याच्या ब्रशावरचा रंग शिपायापर्यंत पोचायच्या आत वाळतो. बाहेर एकोणचाळीस डिग्री. दोष उन्हाचा.
दुसरी अडचण. बोअरच्या पाण्यात क्षार. ब्रश धुवून रंग लावला की वाळल्यावर पांढरट डाग. शुद्ध पाणी पाहिजे. घरात शुद्ध पाणी एकच, आप्पांचा जार. त्यांची एक किडनी कधीच गेली, दुसरीत खडे होतात. डॉक्टरांनी भरपूर चांगलं पाणी प्यायला सांगितलंय, म्हणून आठवड्याला वीस लिटरचा एक जार फक्त त्यांच्यासाठी. वीस लिटरमधून एक फुलपात्र. कळणारही नाही. तरी रीतसर विचारलं. "घे की," म्हणाले.

बुधवार, १६ मार्च.
शोध लागला! ओली पॅलेट. जेवणाच्या डब्यात स्पंज, त्यावर बटर पेपर, खाली पाणी. रंग तासन्‌तास ओला राहतो. दिवसाला तीन फुलपात्रं लागतात: एक धुवायला, एक खळबळायला, एक स्पंजाला. शास्त्रीय पद्धत आहे, त्यात काटकसर करता येत नाही.
तयार शिपाई: अर्धा.

रविवार, २० मार्च.
शिवगंगेचा खांदा सुजलाय. रांगेत कुणाची तरी घागर लागली. म्हणाली, आता टाकीपाशी पोलीस उभे केलेत, बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. मी म्हणालो, रविवारी मी येईन. आज रविवारच आहे, असं तिने सांगितलं. पुढच्या रविवारी नक्की.
ऑफिसात पुन्हा चर्चा, उदगीर जिल्हा होणार. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं. आवक-जावक टेबलावर बावीस वर्षं काढलेल्या माणसाला बढती मिळणारच. क्वार्टर मिळेल. उत्तरेकडे खिडकी असलेली खोली रंगकामासाठी. नकाशा काढून ठेवला. शिवगंगेची शिलाई मशीन पॅसेजमध्ये बसते.

सोमवार, २८ मार्च.
काल रविवार होता. सर्दी झाल्यासारखं वाटलं, गेलो नाही.
सिंथेटिकची टोकं वाकली. पाच शून्याला आता दोन फाटे आहेत. मल्लिकार्जुन म्हणाला होता तसंच, पण त्याने कारण सांगितलं नव्हतं. पुण्याहून सेबलचा ब्रश मागवला. थंड मुलखातल्या जनावराच्या शेपटीचे केस. सगळे मोठे कलाकार हाच वापरतात. आजवर काम अडलं ते ब्रशामुळे, हे आता स्पष्ट झालं.

शनिवार, २ एप्रिल.
चांगली बातमी. आप्पांची तहान कमी झालीय. जेवताना अर्धा पेलाच पितात. विचारलं तर म्हणाले, "लागंना झालंय." किडनी सुधारल्याचं लक्षण. जारसुद्धा पुरतोय, मी चार फुलपात्रं घेऊनही. शिवगंगा म्हणाली, डॉक्टरला दाखवू. ऑफिसात मार्चअखेरचा पसारा आहे. पुढच्या आठवड्यात.

शुक्रवार, ८ एप्रिल. पाडवा.
संकल्प. १) रोज दोन शिपाई. २) रविवारी पाणी मी भरणार. ३) आप्पांना दवाखान्यात नेणार. ४) चिडायचं नाही.
सेबल आला. काय टोक! दाभणासारखं. व्हिडिओतला माणूस जिभेवर फिरवून टोक काढतो. मीही काढलं. दिवसभर जीभ निळी. शेजारच्या पंचशीलाताई श्रीखंड द्यायला आल्या, सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहेत, जीभ बघून घाबरल्या. समजावून सांगितलं. चार नंबरचा संकल्प तिथे थोडा मोडला.
त्यांनी आप्पांच्या खोलीत डोकावून विचारलं, हे दुपारचे एवढे का झोपतात? म्हणालो, उन्हाळा आहे.
तयार शिपाई: दोन. पैकी एकाचा चेहरा पुन्हा करावा लागेल.

मंगळवार, १२ एप्रिल.
पाण्याची रेल्वे आली. मिरजेहून. सगळं शहर स्टेशनावर. ऑफिसही रिकामं, त्यामुळे लवकर घरी येऊन टेबलाला बसलो. आप्पांना वाटलं मी त्यांना रेल्वे दाखवायला न्यायला आलो. चप्पल घालत होते. पाय चपलेत जाईनात. भरलेत जरा. एवढे दिवस अंगावर मांस नव्हतं, आता धरतंय. ऊन फार आहे म्हणून नेलं नाही. ते पलंगावर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. "चालू दे तुझं," म्हणाले.
ब्रश धुताना पाणी सांडलं. त्यांनी स्वतःच्या तांब्यातलं माझ्या वाटीत ओतलं. मी नको म्हणालो होतो. एकदा.

सोमवार, १८ एप्रिल. दुपारी ३.
ऑफिसात फोन आला, घरी यावं लागलं. आप्पांना सकाळपासून उलट्या. मला शिवगंगेने सकाळी सांगितलं होतं म्हणे. मी तलवारीची धार करत होतो, ऐकू आलं नसेल.
पंचशीलाताईंनी आप्पांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तसाच राहिला. मग लघवी कधी झाली विचारलं. आप्पा लाजले. काल दुपारी, म्हणाले. ताई माझ्याकडे वळल्या आणि शेजारीण असून फार वरच्या आवाजात बोलल्या. "अमृतभाऊ, घरात महिनाभर माणूस सुकून राहिला आणि तुम्ही काय बघून राहिलात?"
सूज आली असताना सुकून राहिला म्हणणं शास्त्राला धरून नाही.

मंगळवार, १९ एप्रिल.
आप्पांना नांदेडला हलवलं. शिवगंगेचा भाऊ गुंडप्पा तिथे राहतो, घर दवाखान्याजवळ, नळाला दोन दिवसांआड का होईना पाणी येतं. तोच जीप घेऊन आला. मी जाणारच होतो. पण जीपमध्ये आप्पांना आडवं करायचं, मग जागा राहत नाही. घराला कुलूप लावून चालत नाही, टँकरचा नंबर जातो. आणि स्पर्धा. शिवगंगेला सगळी कारणं सांगितली. ती पिशव्या भरत होती.
निघताना दारात म्हणाली, "आप्पा मोजून पाणी पित होते. जार लवकर सरायला लागला तवापासून. मलाबी काल कळलं. तुम्ही रोज त्यांच्या समोरून नेत होता, तुम्हाला दिसलं न्हाई?"
आप्पांनी सांगायला हवं होतं. मी विचारलं तेव्हा ते "घे की" म्हणाले होते. घरात संवाद नाही, हा मूळ प्रश्न आहे.

रविवार, २४ एप्रिल.
फोन. डायलिसिस सुरू. डॉक्टरांनी आता पाण्यावर बंदी घातलीय, दिवसाला मोजून चार-पाच पेले. म्हणजे कमी पाणी पिणं चूक नव्हतंच. शिवगंगेला हे म्हणालो. तिने फोन आप्पांकडे दिला.
आप्पांचा आवाज बारीक. "किती झाले?" मी म्हणालो, अकरा. त्यांनी तिथे कुणाला तरी सांगितलं, अकरा झाले.
आज काम केलं नाही. रंग मुरायला वेळ द्यावा लागतो.

रविवार, १ मे.
घर शांत. एकाग्रतेला उत्तम. नवा सेबल बघून ठेवला, एक नंबरचा, पोट मोठं, टोक बारीक. असाच पाहिजे होता पहिल्यापासून.
टँकरची रांग पहिल्यांदा केली. अडीच तास. दोन घागरी मिळाल्या, एक सांडली. पंचशीलाताई रांगेत पुढे होत्या, मागे वळून बघितलं नाही.
आप्पांना फोन. "किती?" एकोणीस. "शाब्बास. घाई करू नको."
नांदेडला पुढच्या शनिवारी जायचं. बसचं वेळापत्रक उतरवून घेतलं.

शनिवार, ७ मे.
बस चुकली. पुढची बस होती, पण ऊन.
साहेब म्हणाले, उदगीरचं इतक्यात काही खरं नाही. हे साहेबांचं मत.

मंगळवार, १० मे.
आप्पांना फोन. बोलायला दम लागतो. "किती?" एकोणतीस. मग काही तरी म्हणाले, कळलं नाही. शिवगंगेने फोन घेतला. म्हणाली, यायचं तर या. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? म्हणाली, डॉक्टर काय म्हणणार. नेहमी असं अर्धवट बोलते.
शुक्रवारी रजा टाकतो.

गुरुवार, १२ मे. सायंकाळी ५.
मोबाईल सकाळपासून बंद ठेवला. आज मोठं काम करायचं ठरवलं होतं, ऑफिसला गेलो नाही. दुपारी कुणी तरी बराच वेळ दार वाजवलं. टँकरवाले असणार, किंवा सहीसाठी ऑफिसचा शिपाई. उघडलं नाही.
उद्यापासून नवं वेळापत्रक. उद्या नांदेड, परवापासून रोज चार शिपाई.

शनिवार, १४ मे. नांदेड.
आप्पा गुरुवारी सकाळी साडेदहाला गेले.
शिवगंगेने अकरा फोन केले. मग पंचशीलाताईंना केला. दार त्यांनी वाजवलं होतं. ड्युटी अर्धी टाकून आल्या होत्या. संध्याकाळी पुन्हा आल्या तेव्हा मी उघडलं. त्यांनीच मला बसस्टँडवर सोडलं. वाटेत तिकिटापुरते सुटे आहेत का एवढं विचारलं.
इथे पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. त्रेचाळीस डिग्री, थांबणं शक्य नव्हतं. आप्पांना बसवून, भस्म लावून, बेल वाहून सगळं लिंगायत रीतीने केलं म्हणतात. जंगमस्वामींनी मुलाला पुढे बोलावलं तेव्हा गुंडप्पा गेला. त्याने मला हे सांगितलं आणि माझे हात धरले. "भावजी, मला माफ करा, तुमच्या जागी बसलो." तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे.
आज सकाळी शिवगंगेबरोबर दवाखान्यात कागद आणायला गेलो. आप्पांच्या शेजारच्या कॉटवर देगलूरचे एक म्हातारे आहेत. शिवगंगेला ओळखून त्यांनी मला विचारलं, "तुम्हीच का ते, फौज रंगवणारे? आप्पा रोज आम्हाला आकडा सांगायचे. एकोणतीस झाले म्हणून मंगळवारी साऱ्या वार्डाला चहा पाजला." मी हो म्हणालो.
जिन्यात शिवगंगेला विचारलं, कागदांवरून सोमवारीच तब्येत बिघडल्याचं दिसतंय, तर मला स्पष्ट का बोलावलं नाही? ती पायरीवर बसली. खांदा अजून नीट उचलत नाही तिचा. म्हणाली, "दोनदा फोन हातात घेतला. आप्पांनी हात धरला माझा. त्याला बोलवू नको मन्ले. त्याचं काम चालू हाय, मोडंल."
मग म्हणाली, मी आता इथंच राहते. गुंडप्पाच्या गल्लीत शिवणकाम मिळेल. भांडणाचा सूर नव्हता. लातूरला मशीन आहे, ती पाठवा, म्हणाली. मी हो म्हणालो.
१९ एप्रिलपासून मी एकही शिपाई रंगवलेला नाही. अकरा नाही, एकोणीस नाही, एकोणतीस नाही. दोनच आहेत, ते पाडव्याचे. रोज पलंगावर पडून लॅपटॉपवर ब्रशांचे व्हिडिओ बघत होतो. गुरुवारीही तेच.
हे आप्पांना एकदा फोनवर खरं सांगितलं असतं, तर त्यांनी मला बोलावून घेतलं असतं.