मुंबई ते जोहान्सबर्ग

११ फेब्रुवारी

मोनूदादाच्या गाडीले ट्रकनं ठोकलं. तिकडे, जोहान्सबर्गले. त्याचा रूममेट अभिनवचा फोन होता — "दीदी, सिर में चोट है. ऑपरेशन हो गया, होश नहीं आया. घर से कोई आ जाओ."

कोणी तरी या! जसं दुर्गहून रायपूरले जायचं आहे!

मोबाइलवर पाहिलं. मुंबई ते जोहान्सबर्ग, विमानानं जवळपास सात हजार किलोमीटर. आईनं विचारलं, "नागपूर जेवढं दूर, त्याच्या किती पट?" मी हिशेब करत बसली.

१२ फेब्रुवारी

जाईल कोण? बाबांचं हार्टचं ऑपरेशन आत्ताच झालं, डॉक्टर विमानात बसू देत नाही. माझा पासपोर्टच नाही. आहे तो आईचा — तिले तिकडे फिरवायले न्यायचं म्हणून दादानंच जबरदस्तीनं बनवून घेतला होता.

आई! जी रायपूरच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर पाय ठेवत नाही!

बाबा ओरडले, "तुले इंग्रजीत नाव लिहिता येत नाही. दुबईत विमान बदलावं लागते. हरवली त?"

"हरवली त कोणाले तरी इचारीन," आई शांतच. "पोरगा एकटा पडून आहे न तिथं."

१८ फेब्रुवारी

व्हिसा आला. दादाच्या कंपनीनं धावपळ केली. दादा तसाच आहे.

आईले घेऊन मॉलमध्ये गेली. सरकत्या जिन्यावर पहिल्यांदा डोये मिटून, माझा दंड धरून चढली. दुसऱ्यांदा डोये उघडे. मग तिनं माझा हात सोडला. लोक पाहून राहिले होते. पाहू दे!

१९ फेब्रुवारी

गेली. रायपूरहून मुंबई, तिथून दुबई. विमानतळाच्या गेटातून आत जाताना वळून पाहिलं नाही.

२० फेब्रुवारी

दुबईहून फोन यायचा होता. नाही आला. मोबाइल बंद!

बाबांचं एकच — "आता कुठं असंल?" मॅप उघडून दाखवला. खाली सारा समुद्र. "कायले पाठवलं तिले?" मले म्हणाले. मी पाठवलं? मी पण ओरडली. दोघांचीही ताटं तशीच.

संध्याकाळी अभिनव — "आंटी पहुँच गईं!" मोबाइलची बॅटरी संपली होती. दुबईत एका केरळच्या नर्सचा हात धरून विमान बदललं म्हणे.

बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. झोपले नव्हते.

२२ फेब्रुवारी

आई दवाखान्यातच. आत थोडाच वेळ सोडतात. तेवढ्यात दादाचे तळवे चोळते, गावच्या गोष्टी सांगते. तो हालत नाही.

२५ फेब्रुवारी

आईचा फोन. "रेणू, मोनूनं डोये उघडले!"

बाबा रडायलेच लागले.

"माह्याकडं पाहिलं. मंग अभिनवले इचारलं — ये कौन हैं?"

"मग तू काय केलं, आई?"

"काय करीन? माहं नाव सांगतलं, सिंधुताई. नमस्कार केला त्यानं मले. उद्या पुन्हा सांगीन."