पेठच्या पाड्यासाठी गाडी

१७ फेब्रुवारी १९९७, सोमवार

गाडी मी निवडायची. मी! मला सायकलसुद्धा नीट येत नाही.

डॉक्टरबाई सकाळी वॉर्डात आल्या. "कुसुम, पेठकडच्या पेशंटसाठी देणगीतून गाडी मिळतेय. एकच. लांब व्हॅन नाहीतर जीप. कोणती, ते तू सांग." म्हटलं, मी नर्स आहे. "म्हणूनच. आलेल्या पेशंटला उतरवून घेतेस तूच."

व्हॅनमध्ये पेशंट झोपून येईल, जीपमध्ये बसून. मग व्हॅनच ना? पण आमचा ड्रायव्हर हिरामण हसला. तो पेठकडचाच. "बाई, आधी आमचा रस्ता तर बघा."

१९ फेब्रुवारी

विश्वेशला विचारलं. ओझरच्या विमान कारखान्यात लढाऊ विमानांवर बावीस वर्षं काढलेला नवरा, दोन मिनिटांत सांगेल असं वाटलं. दोन तास बोलला. इंधन जास्त घेतलं की वजन वाढतं, वजन वाढलं की चपळाई जाते, एका विमानात सगळं कधीच मिळत नाही. "आधी काम ठरव, यंत्र नंतर." काम ठरलेलंच आहे की – पेशंट आणायचा! मग फूलस्केपवर तक्ता आखून दिला. जमिनीपासूनची उंची, वळायला लागणारी जागा, डिझेल, दुरुस्ती. मी गुण भरले. दोन्ही गाड्यांना सारखेच.

२ मार्च, रविवार

एका दिवसासाठी मागून आणलेल्या व्हॅनमधून पेठपलीकडच्या एका पाड्यावर. सावळघाट ठीक गेला. पेठ सोडल्यावर कच्च्या रस्त्याच्या एका वळणावर हिरामणला चार वेळा मागे-पुढे करावी लागली. पाड्याच्या अलीकडे ओढा आहे, सध्या कोरडा. त्यात उतरताना व्हॅनचं पोट दगडावर घासलं. ओढा आम्ही चालत ओलांडला.

पलीकडे भागीबाई भेटली. पाड्याची सुईण. साठीची असेल. माझ्याकडे कमी, व्हॅनकडे जास्त बघत होती. "एवढी लांब कशाला? वरात न्यायची का?"

तर मग जीप.

९ मार्च

आज जीप. ओढा सहज पार. परतताना मीच मागच्या बाकावर गोधडी टाकून आडवी झाले, पेशंटला कसं वाटेल ते कळावं म्हणून. धड पाय लांब होईनात. दुसऱ्या मैलाला डोकं पत्र्यावर आपटलं, तिसऱ्याला उठून बसले. हिरामणला म्हटलं, हळू चालव. "हळूच हाय बाई. रस्ता तोच हाय ना."

कंबर धरलीय. पोटुशी बाई अशी आली तर वाटेतच बाळंत होईल.

२१ मार्च

व्हॅन. ठरलं.

२२ मार्च

नाही. जीप. काल काय विचार केला होता तेच आठवत नाही.

१३ एप्रिल, रविवार

पुतळाबाई आली. भागीबाईच्या पाड्यावरची, मंगळूची बायको. मूल पोटात आडवं. रात्रीपासून कळा. झोळीत घालून रस्त्यापर्यंत, तिथून दुधाच्या टेम्पोत पेठ, पेठहून एस.टी.च्या मागच्या सीटवर. आमच्याकडे पोचली तेव्हा दुपारचे तीन. पुतळाबाई वाचली. मूल नाही. मुलगी होती.

भागीबाई सोबत आलेली. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी चहा नेऊन दिला आणि न राहवून विचारलं, गाडी असती तर? कोणती असती तर पोचली असती?

तिनं चहा फुंकला. मग म्हणाली, "सांगावा द्यायला मंगळू पेठला चालत जाणार. तिथून फोन. मग तू निघणार. तवर दुपार झालीच असती."

"मग काय हवं होतं?"

"तुझ्यासारखं कुणी तिथं असतं तर रातीच बोललं असतं, मूल आडवं हाय, आत्ता हलवा. मी सकाळपर्यंत वाट पाह्यली. मला वाटलं, फिरंल."

आणि पावसात? "पावसात ओढा भरतो. चार महिने इकडलं इकडं, तिकडलं तिकडं."

हे मला आधी का नाही सांगितलं? दोनदा आले होते मी!

"तू गाडीचंच इचारत होती."

१५ एप्रिल

दोन महिने मी काय मोजत बसले होते?

२० एप्रिल

विश्वेशला सगळं सांगितलं. त्याने तक्त्याची घडी घातली. मग म्हणाला, "जीप घ्या. झोपायची सोय मी करतो." कारखान्यातल्या दोघांना घेऊन, मागचा बाक काढून, कॅनव्हासचं स्ट्रेचर जाड पट्ट्यांनी टांगणार म्हणे. धक्का पट्ट्या खातील, पेशंटला कमी लागेल.

४ मे, रविवार

टांगलेल्या स्ट्रेचरवर मी झोपले. पेठपर्यंत. मध्ये चक्क डोळा लागला! विश्वेश इतका खूश – "आता चुकायला काही उरलं नाही."

मी मान हलवली. चुकतंय असं वाटत होतं आणि काय ते सांगता येत नव्हतं.

१२ मे

डॉक्टरबाईंनी जीपच्या कागदांवर सह्या केल्या. मी विचारलं, पावसाचे चार महिने पाड्यावर कोण राहील? "कोण जाणार, कुसुम? तरुण मुली आठवडाभर टिकत नाहीत तिथे. आणि तू शेहेचाळीसची."

मी माझं नाव काढलंच नव्हतं. त्यांनी कसं काढलं?

२६ मे

विश्वेशला सांगितलं, पावसाळाभर पाड्यावर मीच राहीन म्हणते. तो जेवत होता. "चार महिने?" एवढंच म्हणाला. मग वरण मागितलं. रागावलाय की नाही, कळेना. मला तरी जायचंय का, तेही कळेना. गुडघे दुखतात. घरात दोघंच तर आहोत.

३१ मे

आज माझ्या ट्रंकेची कडी दुरुस्त करत बसला होता.

८ जून, रविवार

चार महिन्यांसाठी पाड्यावर राहायला आले. ओढ्याला गुडघाभर पाणी. विश्वेश ट्रंक डोक्यावर घेऊन पलीकडे आला, भागीबाईच्या पडवीत ठेवली, पाणी प्यायला आणि पुन्हा ओढ्यात उतरला. जीप अलीकडच्या काठावर उभी आहे. मी पलीकडे.